‘सेटर पाहिजे’ लिहिण्याआधी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतून फेरी मारली तर फाटकाफाटकावर ‘पाहिजेत’ची पाटी दिसते. हेल्पर, पॅकिंग, लोडिंगची माणसं दोन-चार दिवसांत मिळून जातात. व्हीएमसी सेटर, टूलरूमचा फिटर, टिग वेल्डर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन यांच्या जागा मात्र महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. लघुउद्योजक एकत्र आले की या विषयावर एकच तक्रार ऐकू येते: माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. तक्रार खोटी नाही. हाताला सवय लागायला वर्षं लागतात अशा कामांची माणसं खरोखरच थोडी आहेत आणि ती एका दिवसात वाढणारही नाहीत. पण जागा रिकामी राहण्याचं हे एकच कारण नसतं. दुसरं कारण आपण स्वतः लिहिलेल्या जाहिरातीत असतं, आणि ते दुरुस्त करणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. दहा-वीस मशिन चालवणाऱ्या कारखानदाराने भरतीला हात घालण्यापूर्वी ही दुरुस्ती कशी करावी, ते इथे एकाच जागेच्या उदाहरणाने पाहू. जागा व्हीएमसी सेटरची घेऊ, कारण सगळ्यात जास्त ओरड तिचीच आहे.

नेहमी दिसणारी जाहिरात साधारण अशी असते: व्हीएमसी सेटर-कम-प्रोग्रामर पाहिजे, अनुभव पाच ते सात वर्षं, फानुक आणि सीमेन्स दोन्ही कंट्रोल, कॅम सॉफ्टवेअर आवश्यक, तिन्ही पाळ्यांत काम, जवळपास राहणाऱ्यास प्राधान्य, पगार 22 ते 25 हजार, त्वरित रुजू होणारा. यातली प्रत्येक अट सुटी वाचली तर रास्त वाटते. अडचण अटींच्या गुणाकारात आहे. समजा, आपल्या कारखान्यापासून रोज येता-जाता येईल अशा अंतरात 200 सेटर राहतात. हा आकडा आणि पुढचे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. दोन्ही कंट्रोल येणारे निम्मे धरले तर 100 उरले. त्यातले कॅमवर प्रोग्राम करणारे चौथा हिस्सा, म्हणजे 25. रात्रपाळीला तयार असणारे निम्मे, म्हणजे जेमतेम 12. या पगारात यायला राजी असणारा तिघांत एक, म्हणजे चार. आणि या महिन्यात नोकरी बदलण्याच्या विचारात असणारा दहांत एक धरला तर अर्धा माणूससुद्धा हाताशी राहत नाही. प्रत्यक्षात चित्र याहून वाईट असतं, कारण या अटी एकमेकींपासून सुट्या नसतात. ज्याला दोन्ही कंट्रोल आणि कॅम येतं, तोच माणूस रात्रपाळी टाळतो, तोच जास्त पगार मागतो आणि त्यालाच त्याचा सध्याचा मालक सहजी सोडत नाही.

अशी जाहिरात तयार होते कशी, हे पाहिलं तर उपायही सापडतो. बहुतेक वेळा ती सोडून गेलेल्या माणसाचं वर्णन असते. तो आठ-नऊ वर्षं होता, सगळी मशिन त्याला येत होती, ग्राहकाचा इंजिनिअर आला तर तोच बोलायचा, प्रोग्रामही तोच दुरुस्त करायचा. तो गेला की त्याला जे जे येत होतं त्याची यादी होते आणि तीच जाहिरात म्हणून बाहेर पडते. पण तो कामाला लागला तेव्हा त्याला यातलं किती येत होतं? बाकीचं तो इथेच, आपल्याच मशिनवर, आपल्याच चुका दुरुस्त करत शिकला होता. त्याचा पगारही रुजू झाला त्या रकमेवर दरवर्षी थोडा थोडा वाढत गेलेला होता, त्यामुळे बाजारभावाच्या मागे राहिला होता. म्हणजे आपण नऊ वर्षांत घडलेला माणूस तयार मागतो, आणि तोही त्याच्या जुन्या पगारात. तसा माणूस बाजारात मिळणार नाही, कारण तो कधी बाजारात नव्हताच.

म्हणून पहिलं काम म्हणजे माणूस बाजूला ठेवून कामाकडे पाहणं. व्हीएमसीवर तीन वेगवेगळी कामं असतात आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. ऑपरेटर जॉब लावतो, क्लॅम्प करतो, सायकल सुरू करतो, ठरलेल्या नगांनंतर माप घेतो, इन्सर्ट झिजलं की बदलतो. सेटरचं काम नवा जॉब आला की सुरू होतं. तो व्हाइस किंवा फिक्श्चर टेबलावर बसवतो, डायल फिरवून सरळ करतो, जॉबचा शून्यबिंदू पकडून वर्क ऑफसेटमध्ये भरतो, एकेका टूलची लांबी घेतो आणि पहिला नग सिंगल ब्लॉकवर, हात फीडच्या नॉबवर ठेवून काढतो. एंडमिल गोल फिरवून केलेल्या बोअरचा व्यास 20 मायक्रॉन कमी आला, तर ऑफसेट त्रिज्येत असल्याने दुरुस्ती 10 मायक्रॉनची करायची, हे त्याला विचार न करता सुचतं. बोअर गेज लावण्यापूर्वी तो जॉब पुसतो आणि गरम असेल तर थंड होऊ देतो. प्रोग्रामरचं काम याहून वेगळं. ड्रॉइंग पाहून टूल कुठून कसं फिरेल, किती वेगाने, किती खोल, हे तो संगणकावर ठरवतो, आणि त्यासाठी त्याने रोज मशिनसमोर उभं राहण्याची गरज नसते. आता मागच्या तीन महिन्यांची जॉबकार्डं काढून मोजावं: नवा प्रोग्राम किती वेळा लागला, सेटिंग किती वेळा बदललं आणि निव्वळ उत्पादन किती तास चाललं. जिथे तेच चार जॉब वर्षभर चालतात, तिथे महिन्याला एखाद-दुसराच प्रोग्राम लागतो. तो बाहेरून करून घेता येतो. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असं काम जॉबवर घेणारे असतात. एवढ्याने जाहिरातीतली सगळ्यात महागडी अट निघून जाते. जिथे रोज नवा नग येतो, त्या जॉबशॉपमध्ये मात्र सेटिंग आणि प्रोग्रामिंग येणारा माणूस खरोखरच लागतो, आणि तिथे पगाराच्या रकान्यातला आकडा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

काम असं सुटं केल्यावर उरलेल्या प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारावा: हे पहिल्या दिवशी यायलाच हवं, की तीन महिन्यांत शिकवता येईल? माप घेण्याची शिस्त, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स समजणं, बिघडलेला नग लपवून न ठेवता दाखवण्याची सवय, मशिनसमोरची सावधगिरी या गोष्टी पहिल्या दिवशीच हव्यात, कारण त्या घाईने रुजत नाहीत. फानुक पक्कं येणाऱ्याला सीमेन्सवर रुळायला काही आठवडे लागतात. स्क्रीन वेगळा, कळा वेगळ्या, पण शून्यबिंदू आणि ऑफसेट यांची कल्पना तीच. आपल्या फिक्श्चरची खोड, आपल्या ग्राहकाचे तपासणीचे फॉर्म, आपल्याकडची नोंदींची पद्धत हे तर बाहेरच्या कुणालाच येत असणं शक्य नाही. ते अटींमध्ये घालणं म्हणजे स्वतःच स्वतःची वाट अडवणं आहे.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येतो. अटी कमी केल्या तर रिजेक्शन वाढेल, ऑडिटमध्ये शेरा येईल, ग्राहक बोलेल. भीती रास्त आहे, पण इथे दर्जा खाली आणायचा नाहीच. दर्जा कधी आणि कसा तपासायचा, एवढंच बदलायचं आहे. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत माणसाच्या सक्षमतेविषयी 7.2 हे कलम आहे. त्यात योग्य शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे माणूस सक्षम असावा आणि त्याचा पुरावा ठेवावा, अशी अपेक्षा आहे. ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. पाच वर्षांच्या अनुभवाचा आग्रह मानकाने धरलेला नाही, तो आपण धरलेला आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे ऑडिटर स्किल मॅट्रिक्स मागतो: कुणाला कोणतं काम कितपत येतं, कुणी पारखलं, कुणाच्या देखरेखीखाली आहे. नव्या माणसाच्या नावापुढे ‘शिकतो आहे, देखरेख अमुकची’ अशी खरी नोंद असली आणि त्याच्या पहिल्या नगाची तपासणी दुसऱ्याकडून होत असली, तर ते मानकाला धरूनच आहे.

अनुभवाची वर्षं मोजण्याऐवजी काम करून पाहावं. सात वर्षांचा अनुभव म्हणजे सात वर्षं एकाच कंपनीत एकच ब्रॅकेट काढण्याचा अनुभव असू शकतो. दोन वर्षं जॉबशॉपमध्ये काढलेल्या मुलाने त्याहून जास्त सेटिंग केलेली असतात. चाचणी साधी असावी. आधी तयार नग, त्याचं ड्रॉइंग, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर देऊन पाच मापं लिहायला सांगावीत, त्यातलं एक मुद्दाम टॉलरन्सच्या बाहेरचं असावं. मायक्रोमीटर हातात घेतल्यावर तो आधी शून्य तपासतो का, हे नुसतं पाहिलं तरी बरंच कळतं. मग रिकाम्या मशिनवर व्हाइस बांधून डायल करायला, दोन टूलच्या लांब्या घ्यायला आणि एक सोपा नग काढायला सांगावं. दोन-अडीच तासांत अर्जावरची सगळी वर्षं पारखून होतात. लांबून येणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे आणि जाण्यायेण्याचा खर्च जरूर द्यावा. चाचणीसाठी त्याची हजेरी बुडते, आणि ते पैसे वाचवण्यात काही शहाणपण नाही.

पगाराकडे वळू, कारण बहुतेक मनसुबे इथेच अडतात. किती देणं परवडतं, हे आपण जुन्या पगारपत्रकावरून ठरवतो. ते रिकाम्या मशिनवरून ठरवायला हवं. समजा मशिनचा दर ताशी 500 रुपये आहे, पाळीत सात तास काम होतं आणि महिन्यात 25 दिवस. माणूस नाही म्हणून एक पाळी बंद राहिली तर महिन्याला 87,500 रुपयांचं काम होत नाही. त्यातली निम्मी रक्कम वीज, टूल आणि मजुरीपोटी वजा केली तरी 43,750 रुपये उरतात, आणि बँकेचा हप्ता तर पाळी चालो न चालो भरावाच लागतो. चांगला सेटर आणि आपला आकडा यांत पाच-सहा हजारांचं अंतर असेल, तर ते वाचवण्यासाठी तीन महिने मशिन बंद ठेवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. ऑर्डरच नसतील तर हा हिशेब लागू होत नाही, पण मग ती जागा भरण्याची घाईसुद्धा नसते.

बोलणी करताना आकडा नेहमी हातात येणारा सांगावा. उमेदवार कंपनीला पडणारा खर्च मोजत नाही. पीएफ कापून खात्यात किती येतात ते तो घरी सांगतो. दुसरी एक गोष्ट कारखानदारांच्या लक्षात सहसा येत नाही. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये आहे. वीस हजारांवरच्या माणसाला आपण साडेबावीस देऊ करतो, तेव्हा चालू अंशदान कालावधी संपल्यावर त्याचं विमा संरक्षण सुटतं. घरात आजारी आई-वडील असतील, बायकोचं बाळंतपण जवळ असेल, तर अडीच हजारांची वाढ त्याला तोट्याची ठरते आणि तो कारण न सांगता नकार देतो. अशा वेळी कुटुंबाचा आरोग्य विमा काढून दिला तर बोलणं पुढे सरकतं. ओव्हरटाइमबद्दलही स्पष्ट असावं. कायद्याने तो दुप्पट दराने द्यायचा असतो. जाहिरातीत ‘ओव्हरटाइम मिळेल’ म्हणून लिहायचं आणि द्यायचा एकेरी दराने, ही गोष्ट पहिल्याच पगाराला उघड होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वसाहतीला कळते.

नव्याला जास्त दिलं तर जुने नाराज होतील, हा दुसरा आक्षेप. होतीलच, आणि त्यांची नाराजी योग्य असेल. नव्याला 28 हजार द्यावे लागत असतील, तर तेच काम 23 हजारांत करणारा जुना माणूस बाजारभावापेक्षा पाच हजार कमी घेतो आहे, एवढंच त्यातून दिसतं. त्याला हे आज ना उद्या बाहेरून कळणार. मग एका जागेऐवजी दोन भराव्या लागतील. त्यामुळे नव्या माणसाचा आकडा ठरवतानाच जुन्यांच्या दुरुस्तीची तरतूद करावी. ऑपरेटर, सेटर, वरिष्ठ सेटर अशा पायऱ्या कौशल्यावर बांधाव्यात आणि कुठल्या पायरीला काय यायला हवं ते लिहून लावावं. त्या निमित्ताने एक शक्यता तपासून होते: आपल्याच ऑपरेटरपैकी कुणी सेटरची चाचणी पार करतो का? करत असेल तर अवघड जागा आतल्या आत भरली जाते आणि बाहेर शोधायची उरते ती ऑपरेटरची, जी त्या मानाने लवकर भरते.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना आहे: आपण शिकवायचं आणि त्याने शिकून दुसरीकडे जायचं. काही जण जातील. पण आज जो अनुभवी सेटर आपण शोधतो आहोत तोही कुणीतरी शिकवलेलाच आहे. सगळ्यांनीच शिकवणं थांबवलं म्हणून तर टंचाई इतकी वाढली. शिकवण्याचा खर्च मर्यादेत ठेवण्याची सोय कायद्यात आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते 29 माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, महिन्याला कमाल 1,500 रुपये, भार सरकार उचलतं. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. मशिनिस्ट, टर्नर, फिटर हे तिथले दोन वर्षांचे अभ्यासक्रम, वेल्डरचा एक वर्षाचा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे छोटे अभ्यासक्रमही चालतात. निकाल लागल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा परीक्षेआधीच आयटीआयच्या निदेशकांना भेटावं. कुठल्या मुलाचा हात चांगला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मुलींनाही विचारावं. पुण्यात टाटा मोटर्सच्या प्रवासी गाड्यांच्या जुळणीची एक लाइन महिलाच चालवतात, तेव्हा ‘हे काम मुलींना जमणार नाही’ हे कारण आता टिकत नाही. स्वच्छ प्रसाधनगृह आणि घरी पोचण्याची सोय मात्र आधी करावी लागते.

बाँड लिहून घेण्याचा किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. भारतीय करार कायद्याच्या 27 व्या कलमानुसार कुणाला त्याचा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार निरर्थक ठरतो, आणि कागद अडकवून थांबवलेला माणूस मशिनकडे मनापासून पाहत नाही. सहा महिने आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर ठरलेली वाढ रुजू होतानाच लेखी द्यावी. थांबण्याचं ते जास्त भक्कम कारण आहे.

वेळेची अपेक्षाही खरी धरायला हवी. चांगला सेटर आज कामावर आहे. त्याला तिथे महिन्याभराची सूचना द्यायची आहे. दिवाळी जवळ असेल तर तो बोनस हातात पडेपर्यंत हलणार नाही, आणि दिवाळीनंतर नोकऱ्या बदलणाऱ्यांची एकदम वर्दळ होते. म्हणून सप्टेंबरमध्ये ‘त्वरित’ लिहिण्यापेक्षा सप्टेंबरात बोलणी करून नोव्हेंबरची तारीख घ्यावी. यापुढे प्रत्येक भरतीची एका वहीत नोंद ठेवावी: किती फोन आले, किती जण चाचणीला आले, किती पास झाले, किती जणांनी होकार दिला, किती प्रत्यक्ष रुजू झाले, तीन महिन्यांनी किती उरले. दोन-तीन भरत्यांनंतर आपल्या कारखान्याचं, आपल्या पगाराचं आणि आपल्या पत्त्याचं खरं प्रमाण त्यात दिसू लागतं. होकार देऊन न येणारे बरेच असतील तर एकाच्या भरवशावर बाकीच्यांना नाही म्हणू नये. चाचणीला येणारेच कमी असतील तर जाहिरातीत खोट आहे. रुजू होऊन महिन्यात जाणारे जास्त असतील तर खोट जाहिरातीत शोधू नये. ती पाळीत, मुकादमाच्या बोलण्यात किंवा रात्री बारा वाजता सुटल्यावर घरी जायला वाहन नसण्यात असते.

माणूस येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांची व्यवस्था आधीच करावी, म्हणजे वेळ अपुरी पडून चुकीचा माणूस घ्यावा लागत नाही. सेटिंगची जास्त उठाठेव लागणारे जॉब काही काळ जॉबवर्कला द्यावेत आणि एकाच सेटिंगवर लांब चालणारे आत ठेवावेत. निवृत्त झालेल्या जुन्या सेटरला दिवसाचे तीन-चार तास बोलवावं. तो सकाळी सेटिंग लावून देईल आणि दिवसभर ऑपरेटर चालवतील. त्याच तासांत आपला एक ऑपरेटर त्याच्या शेजारी उभा करावा. ग्राहकाला तारीख सांगताना ही मर्यादा धरूनच सांगावी. मग नवीन जाहिरात लिहायला बसावं: कामाचं नाव एकच, पहिल्या दिवशी हव्यात अशा चार गोष्टी, ‘बाकी आम्ही शिकवू’ हे स्पष्ट शब्दांत, हातात येणारा पगार, पाळ्या, जेवणाची आणि जाण्यायेण्याची सोय, आणि चाचणी कोणत्या दिवशी किती वाजता आहे ते.